कागदावर आणि जागेवर

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. शेजारच्या वनिताताईंचा होता. "सुषमा, लवकर ये वो. मामाजी खुर्चीतून उठूनच नाई राहिले." सकाळी मी निघाले तेव्हा ते ओसरीत खुर्ची टाकून चहा पीत होते आणि मला म्हणाले होते, "पुलावर ट्रक लागले असतीन, हळू जा." कारधा ते भंडारा म्हणजे मध्ये फक्त वैनगंगेचा पूल. जाताना दहा मिनिटं लागली होती, परत येताना त्याहूनही कमी लागली असतील. पण मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. मामाजी खुर्चीतच गेले. बाजूच्या स्टुलावर कप होता, रिकामा, बशी वर झाकलेली. चहा पूर्ण पिऊन गेले. अर्धवट काही टाकून जायचा त्यांचा स्वभावच नव्हता... प्रशांत हैदराबादहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. त्याच्यासाठी आम्ही थांबलो, आणि मग नदीवर नेलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे, दयाराम गजभिये. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होते. गावं त्यांना कंपाउंडर म्हणायची आणि "मी कंपाउंडर नाही, फार्मासिस्ट आहे" हे सांगणं त्यांनी पहिल्या वर्षातच सोडून दिलं होतं. बरीचशी नोकरी तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीकडच्या जंगलपट्ट्यात गेली. तिकडच्याच एका केंद्रावर ते नव्याने रुजू झाले, तेव्हा आधीच्या माणसाकडून चार्ज घेताना त्यांनी यादीवर न मोजता सही केली. समोरचा वयाने मोठा. त्याच्यासमोर कुप्या मोजत बसणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं त्यांना वाटलं. आठच दिवसांत धानाच्या रोवण्याला गेलेल्या एका बाईला साप चावला. रजिस्टरमध्ये सापाच्या औषधाच्या सहा कुप्या होत्या, कपाटात एक निघाली. बाईला जीपमध्ये घालून तुमसरला न्यावं लागलं. ती वाचली. पण त्या पूर्ण रस्ताभर तिचं डोकं मामाजींच्या मांडीवर होतं, आणि ती त्यांना विचारत होती, "साहेब, औषध आहे ना?" हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा विचारलं तर विषय बदलला.

तेव्हापासून त्यांची एक वही असायची. पानावर मधोमध रेघ, डावीकडे 'कागदावर', उजवीकडे 'जागेवर'. महिन्याच्या शेवटच्या दिवशी रजिस्टर घेऊन कपाटासमोर उभं राहायचं आणि प्रत्येक डब्याला हात लावून मोजायचं. नुसतं पाहून नाही, हात लावून. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी माहेरून आलेल्या भांड्यांची यादी घेतली आणि भांडी मोजली! मी रागाने लाल. हुंड्याचा हिशेब घेतात की काय, असं वाटलं. दोन पातेली कमी निघाली. ती माझ्या काकूकडेच राहून गेली होती, चार दिवसांनी मामाजी स्वतः जाऊन, पिशवीत घालून घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तुझे आहेत. तुझ्याजवळ पाहिजेत." त्यानंतर मी त्यांच्यावर रागवायचं सोडलं. म्हणजे, पुढच्या त्या एका वेळेपर्यंत.

प्रशांत, माझा नवरा, तेव्हा नागपूरजवळ एका औषध कंपनीत गोळ्यांच्या विभागात सुपरवायझर होता. शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मुलगी द्यायच्या आधी आपण सोयरिकीचं घर पाहतो, तसं पोरगा जिथे दिला ती कंपनीही पाहायला हवी, असं मामाजींचं म्हणणं. म्हणून त्यांनी कंपनीचे बारा शेअर घेतले. श्रीमंत व्हायला नाही, वार्षिक अहवाल मिळावा म्हणून. तो ई-मेलवर यायचा. मामाजी पत्र लिहून छापील प्रत मागवायचे. इंग्रजी त्यांना औषधांच्या वेष्टनांवरून चांगलं येत होतं, आणि बारीक अक्षरांची तर आयुष्यभराची सवय. पहिला अहवाल आला तो त्यांनी चार दिवस वाचला आणि पाचव्या दिवशी चेहरा पाडून माझ्याकडे आले.

"सुषमा, हे कंपनी तर बुडून राहिली. पाहा, किती माल बाद केला."

रोकड प्रवाहाचं पान होतं. ज्याला आपण सगळे कॅश फ्लो म्हणतो, ते. त्यातल्या गुंतवणुकीच्या भागात जवळजवळ सगळे आकडे कंसात. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये मामाजी मुदत संपलेली औषधं कंसात लिहायचे, म्हणजे महिन्याअखेरीस ती नष्ट करायला वेगळी काढता येत. पूर्ण पान कंसांनी भरलेलं पाहून त्यांना वाटलं, कारखानाच मुदतबाह्य झाला. मी इतकी हसले, इतकी हसले... आणि मग थोडी लाजले. कारण पंधरा वर्षं मी कॉलेजात हेच शिकवत होते, पण खऱ्या कंपनीचं खरं पान कधी घरी आणून वाचलं नव्हतं. परीक्षेत आकडे जुळले की गुण द्यायचे, संपलं.

त्या दुपारी मी त्यांना समजावलं. पैसा तीन वाटांनी येतो-जातो, मामाजी. आपण धान विकतो, मजुरी देतो, ती रोजची वाट. कंपनीसाठी ती गोळ्या विकण्याची. सोसायटीचं कर्ज घेतो, फेडतो, ती दुसरी वाट. आणि शेतात पाण्यासाठी बोडी खोदतो, बैलजोडी घेतो, बँकेत ठेव ठेवतो, ती तिसरी, गुंतवणुकीची. कंस म्हणजे पैसा गेला, बाद नाही झाला. कंपनी यंत्रं घेते, इमारत बांधते, तेव्हा या भागात कंस येणारच. उलट इथे कंस नसेल आणि भरपूर पैसा आत आलेला दिसत असेल, तर तेव्हा विचारायचं, काही विकून तर नाही ना खात? बैल विकला की त्या वर्षी घरात पैसा दिसतोच.

"म्हणजे कंस चांगला?"

"वाढणाऱ्या कंपनीले चांगला," मी म्हणाले. मास्तरीणबाईंच्या थाटात.

मामाजींनी मान हलवली. मग म्हणाले, "पण बोडी खोदली तर बोडी दिसते ना." मी म्हटलं, हो, दिसते. तेव्हा मला ते वाक्य नुसतं पोरकट वाटलं होतं.

पुढची तीन-चार वर्षं हा आमचा सणच झाला. अहवाल आला की मी कॉलेजातून आल्यावर ओसरीत बसायचं, चहा, आणि ते एक पान. ओळ ओळ. म्युच्युअल फंड घेतले, विकले. ठेवींवर व्याज आलं. एका वर्षी कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या एका तापाच्या गोळीच्या नावाचे हक्क विकत घेतले होते, बरीच मोठी रक्कम देऊन. मामाजींना ते पचेना. "औषध तेच, मात्रा तेच, अन् नुसतं नाव घेतलं?" मी म्हटलं, लोक नाव पाहून घेतात. "आमच्या दवाखान्यात तर पांढरी गोळी म्हणत अन् बरे होत," असं म्हणून त्यांनी त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं, 'नाव. हात लावता येत नाही.' दुसऱ्या वर्षी नफा बेताचा होता, प्रशांत नाराज होता, पण मामाजी खूश. का, तर नवं पॅकिंग यंत्र घेतल्याची नोंद होती आणि प्रशांतने ते यंत्र फोनवर दाखवलं. त्या ओळीपुढे लिहिलं, 'पाहिले.'

आणि मग कंपनीने जाहीर केलं की नवा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या पुढे महामार्गापासून थोडा आत होणार. जमीन घेतली, बोर्ड लागला. आमच्या घरात जणू लग्न ठरलं. प्रशांतच्या साहेबांनी त्याला सांगितलं, नवं युनिट सुरू झालं की तिथे तूच. शहापूर म्हणजे घरून अर्धा तास. मामाजींच्या हृदयात त्याआधीच नागपूरला जाळी बसवली होती, खिशात जिभेखालच्या गोळीची डबी असायची. प्रशांतला त्यांच्याजवळ यायचं होतं. मला तर यायलाच हवा होता. आठवड्यातून दीड दिवसाचा नवरा ही काही फार मजेची गोष्ट नाही. तीन अहवालांत त्या कारखान्याचे पैसे गुंतवणुकीच्या भागात कंसात दिसले, चालू भांडवली काम, म्हणजे अजून पुरं न झालेलं बांधकाम, आणि यंत्रांसाठी आगाऊ दिलेल्या रकमा धरून. दर वर्षी कंस मोठा. मी दर वर्षी म्हणायचे, पाहा मामाजी, वाढून राहिली.

तिसऱ्या वर्षी हैदराबादच्या एका कंपनीने प्रशांतला बोलावलं. पगार बराच जास्त, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. प्रशांत नाही म्हणणारच होता. घराजवळचा कारखाना सोडून कोण जातं? त्याच आठवड्यात मंगळवारी मामाजी छत्री, पाण्याची बाटली आणि वही घेऊन निघाले. "कुठं?" मी विचारलं. "तपासणीले," म्हणाले. अर्ध्या तिकिटात भंडारा, भंडाऱ्याहून शहापूर, तिथून ऑटो, आणि पुढे पायी. जाळी बसवलेला माणूस, भर उन्हात! संध्याकाळी आले तेव्हा चेहरा काळवंडला होता. मी ओरडले, त्यांनी ऐकून घेतलं, आंघोळ केली आणि रविवारपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी वही प्रशांतसमोर ठेवली. डावीकडे तीन वर्षांचे तीन कंस. उजवीकडे एकच ओळ: 'कुंपण. बोर्ड. शेळ्या.'

"बाबा, यंत्रं असे दुकानात नाई मिळत," प्रशांत म्हणाला. "ऑर्डर द्या लागते. बनून राहिले असतीन."

"बरोबर. पण यंत्र ठेवाले पाया तर लागते. तीन वर्षांत एक खड्डा नाई खोदला."

"परवानगी अडकली असन."

"असन. मी कंपनीले लबाड म्हणून नाई राहिलो. पैसा गेला हे खरं. जागेवर नाई आला हेही खरं. अहवालात मागं बारीक अक्षरात पाहा, आगाऊ रक्कम कोणाले दिली. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीले." मग ते म्हणाले, "तू हैदराबादले जा."

मी तिथेच भांडी आवरत होते. माझ्या हातातलं ताट मी आपटलं, हे मी कबूल केलं पाहिजे. मी म्हणाले, "मामाजी, दवाखान्याचं रजिस्टर वेगळं अन् माझा संसार वेगळा. इथं तपासणी नका करू." प्रशांत म्हणाला, "बाबा, तुमची तब्येत? तुम्हाले पाहाले कोण?" तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं, ते आम्हा दोघांच्याही मनात रुतून बसलं. ते म्हणाले, "मले तुझी काही गरज नाई इथं. सुषमा आहे, गोळी खिशात आहे. जा." इतक्या कोरडेपणाने म्हणाले की प्रशांतचा चेहरा उतरला. दहा दिवसांनी तो गेला. स्टेशनवरही मामाजी आले नाहीत. उन्हाचं कारण सांगितलं.

मी त्यांच्याशी महिनाभर कामापुरतं बोलत होते. खोटं कशाला लिहू. चहा द्यायचे, गोळ्या विचारायचे, बस. पुढे दीडेक वर्षात प्रशांतच्या जुन्या कारखान्यात तीन पाळ्यांची एक पाळी झाली. त्याच्या हाताखालची पोरं कामासाठी त्यालाच हैदराबादला फोन करू लागली. मामाजींचं म्हणणं बरोबर निघालं. मी त्यांना तसं म्हणालेही, एका संध्याकाळी, ओसरीत. "मामाजी, तुमचं बरोबर होतं." त्यांना आनंद झालेला दिसला नाही. "हं," म्हणाले, आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्या पाहत बसले. तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी माणूस कोरडा होतो. आज वाटतं, मी किती कमी पाहत होते...

त्या काळात ते महिन्या-दोन महिन्यांनी एकदा शहापूरला जायचे. तिथे त्यांचे दवाखान्यातले जुने सहकारी शेंडेकाका राहतात, त्यांना भेटायला. सकाळी जायचे, दुपारी यायचे, दमलेले. मीही फार चौकशी करत नसे. मामाजी गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेंडेकाका आले. बुद्धवंदना झाली, लोक बोलले. शेंडेकाका उभे राहिले आणि म्हणाले, "दोन वर्षं झाले, आमची भेट नाई. मीच याले पाहिजे होतं, नाई आलो." मी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांतने माझ्याकडे.

पाहुणे गेल्यावर मी त्यांचं कपाट उघडलं. वही वरच होती. त्या रविवारच्या 'कुंपण. बोर्ड. शेळ्या.' नंतर मला वाटत होतं पानं कोरी असतील. नव्हती. डावीकडे दर वेळी तेच, 'कारखाना, शहापूर'. उजवीकडे: 'कुंपण. शेळ्या.' मग पुन्हा, 'कुंपण. बोर्डाचा रंग गेला.' 'मुरमाचा एक ढीग! चौकशी केली. रस्त्याचा निघाला.' 'कुंपण. शेळ्या.' 'कुंपण. शेळ्या पाच, पिलं दोन.' मोजून अकरा वेळा गेले होते. पानांमध्ये एसटीची तिकिटं ठेवलेली, शाई उडून पांढरी झालेली. मुलगा हैदराबादला गेल्यावर, जुना कारखाना बसल्यावर, स्वतःचं बरोबर निघाल्यावरही हा माणूस खिशात गोळी घेऊन उन्हात जाऊन पाहून येत होता, आपण चुकलो तर नाही ना. आणि चुकलो असतो तर किती बरं झालं असतं...

मागच्या आठवड्यात या वर्षीचा अहवाल आला, त्यांच्याच नावाने. छापील प्रतीसाठीचं पत्र त्यांनी जाण्याआधीच टाकलं होतं. मी ओसरीत बसून तेच पान काढलं. गुंतवणुकीच्या भागात या वर्षी कंस नव्हता. जुन्या कारखान्यातली यंत्रं विकून पैसा आत आला होता. बैल विकला होता. ताळेबंदात मात्र शहापूरचं चालू काम मालमत्ता म्हणून जसंच्या तसं उभं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रजा टाकली आणि वही पिशवीत घालून निघाले. पूल, भंडारा, शहापूर, ऑटो, आणि मग शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने पायी. तेवढ्या वाटेत मला दोनदा बसावं लागलं. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे.

कुंपण होतं. एका जागी तारा वाकवून वाट केलेली, आणि आत शेळ्या. एक म्हातारी बाई बाभळीखाली बसली होती. मी तिथे काय पाहते आहे हे तिने थोडा वेळ पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या वहीकडे बघून म्हणाली, "ते छत्रीवाले बुढे येत, तुमचे कोण होत?"

"सासरे."

"नाई येऊन राहिले काहून?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "भले माणूस होते. माझ्या गुडघ्याले कोणती गोळी घ्याची ते लिहून देत. आले का पहिले इचारत, 'बाई, इथं कोणी खड्डा खोदाले आलं होतं का?' मी म्हणो, नाई जी. तरी पुरं कुंपण फिरून येत. एक डाव मी म्हटलं, बुढेबाबा, तुमाले काय कराचं हो कारखान्याचं? त म्हणे, 'इथं कारखाना झाला तर माझा पोरगा रोज संध्याकाळी घरी येईन.'"

मी पूर्ण कुंपण फिरले. तारेला हात लावत फिरले, ते फिरले असतील तसं. मग बाभळीखाली बसून वही उघडली, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली डावीकडे 'कारखाना, शहापूर' लिहिलं, उजवीकडे 'कुंपण. शेळ्या नऊ,' आणि खाली सही केली. मोजल्याशिवाय नाही केली.

तिथूनच प्रशांतला फोन लावला. अकरा फेऱ्या, तिकिटं, त्या बाईचं बोलणं, सगळं सांगितलं. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. मग तो बहुधा बाहेर गेला, कारण आवाज बंद झाला.

"पण मले तर म्हणाले होते, तुझी काही गरज नाई," तो म्हणाला.

वही माझ्या मांडीवर उघडीच होती.

"ते कागदावर होतं, प्रशांत," मी म्हणाले.